पालीच्या थांब्यावरची मुलाखत

मी रत्नागिरीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागले तेव्हा आईनं आळीभर सांगून टाकलं, मुलगी कॉम्प्युटरवर असते. प्रत्यक्षात बराच काळ मला कॉम्प्युटरला हात लावायचं कारणच पडलं नाही. माझं काम होतं विचारायचं. एखाद्या संस्थेला नवी संगणकपद्धत हवी असली, की तिथलं काम आज कसं चालतं ते आधी जाऊन शोधायचं. माणसांच्या मुलाखती घ्यायच्या, प्रश्नावली वाटायची, कागद चाळायचे, कोपऱ्यात बसून काम बघायचं. मग परत येऊन आकृती काढायची. चौकोन म्हणजे माणूस किंवा खातं, बाण म्हणजे माहिती. आमचे सर सांगायचे, "एकही बाण हवेत सुटता कामा नये. प्रत्येक बाण कुठून तरी निघतो आणि कुठेतरी पोचतो. नाही पोचला, तर तू नीट विचारलं नाहीस."

मला एकटीला दिलेलं पहिलं काम पालीजवळच्या एका फळप्रक्रिया संस्थेचं. शेड उघड्या कातळावर, मागे करवंदाच्या जाळ्या, लांबवर कलमांची बाग. मोसमात आंब्याचा रस डब्यांत भरायचा, एरवी कोकमाचं आगळ, आवळ्याचं सरबत, फणसपोळी. माल चांगला असे. तक्रार एवढीच होती की तो नीट जात नसे. कोल्हापूरच्या व्यापाऱ्यानं आगळ मागवलं तर त्याला फणसपोळी मिळे. बाटल्या तयार असत तेव्हा झाकणं नसत, आणि झाकणांची पोती येऊन पडत तेव्हा बाटल्या नसत. एकदा तर गाडी कोल्हापूरपर्यंत रिकामी जाऊन आली होती, कारण माल कोणीतरी चढवलाय असं प्रत्येकाला वाटत होतं. संचालक मंडळानं यावर पुष्कळ विचार करून कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं होतं.

पहिली मुलाखत व्यवस्थापकांची. अतिशय सज्जन गृहस्थ. टेबलावर काही म्हणजे काही नव्हतं, एक पेपरवेट सोडून, आणि त्याच्याखालीही काही नव्हतं.

"ऑर्डर आली की पुढे काय होतं?" मी विचारलं.

"नियमाप्रमाणे होतं."

"म्हणजे कसं?"

"ऑर्डर माझ्याकडे येते. मी स्टोअरला पाठवतो. स्टोअर पॅकिंगला कळवतं. पॅकिंग माल भरतं. गाडी जाते."

"स्टोअर पॅकिंगला कसं कळवतं?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कळवतं," ते म्हणाले. "कळवायला हवं ना. नाहीतर गाडी कशी जाईल?"

गाडी जात नाही म्हणूनच मला बोलावलंय, हे मी त्यांना सांगितलं नाही. पहिलाच दिवस होता.

प्रश्नावलीवर माझा मोठा भरवसा होता. रात्री जागून ती मी तयार केली होती, सोप्या मराठीत, उत्तराला भरपूर जागा सोडून. व्यवस्थापकांनी ती फारच मनावर घेतली. सगळ्यांना पॅकिंगच्या हॉलमध्ये बसवलं, बटाटेवडे मागवले, आणि उत्तरं स्वतः सांगितली. सगळे कागद माझ्याकडे आले तेव्हा त्यांत काना-मात्रेचाही फरक नव्हता. 'तुमच्या कामात कोणत्या अडचणी येतात?' या प्रश्नाला प्रत्येकानं लिहिलं होतं, 'वरीलप्रमाणे.' वरच्या ओळीत नाव लिहायचं होतं. म्हणजे प्रत्येकाच्या कामातली अडचण तो स्वतःच, असा हिशेब झाला.

"एकवाक्यता असलेली बरी," व्यवस्थापक म्हणाले. "बाहेरचं माणूस आलंय."

मग मी निरीक्षणाला बसले. स्टूल घेऊन भिंतीला टेकून बसायचं आणि गप्प बघायचं. मी बसले आणि काम थांबलं. सगळ्या बायका टोप्या, हातमोजे घालून यंत्राशेजारी रांगेत उभ्या राहिल्या. का थांबलात विचारलं तर एक जण म्हणाली, "नियमात लिवलंय, साहेबांच्या तपासणीनंतर यंत्र सुरू करायचं. तू बघणार म्हणून नियमानं करतोय. तू गेलीस की भरू."

व्यवस्थापक तपासणीला आले. आतापर्यंत त्यांनी ती कधी केली नव्हती. यंत्राभोवती फेरी मारली, एक बाटली उजेडात धरली, दुसरी धरली. तपासणी सुरू कशी करायची ते नियमात होतं, संपवायची कशी ते नव्हतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते बाटल्या उजेडात धरत होते आणि अधूनमधून माझ्याकडे बघत होते. शेवटी मी उठून बाहेर करवंदांकडे गेले, तेव्हा यंत्राचा आवाज सुरू झाला.

राहिले स्टोअर आणि पॅकिंग. दोन्ही खाती एकाच शेडच्या दोन टोकांना. स्टोअरला एक उंच, सावकाश बोलणारे काका. पॅकिंगला एक ठेंगण्या, भराभर चालणाऱ्या काकू, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेल्या. संस्थेत कोणी कोणाला नावानं हाक मारत नसे. 'स्टोअर', 'पॅकिंग', 'साहेब' अशीच माणसं होती. मी वयाचा मान ठेवून दोघांना काका आणि काकू म्हणू लागले.

"काका, पॅकिंगला किती झाकणं लागणार ते तुम्हाला कसं कळतं?"

"ते पॅकिंगला विचार."

मी शेड ओलांडून गेले. "काकू, झाकणं किती लागतील ते तुम्ही स्टोअरला कसं कळवता?"

"विचारलंन काय? चार पोती म्हणावं. आणि लाल नकोत, पांढरी दे म्हणावं."

मी परत जाऊन काकांना सांगितलं, "काकू म्हणतात चार पोती, पांढरी." काकांनी चार पांढरी पोती काढून दिली. मी माझ्या वहीत लिहिलं: स्टोअर, पॅकिंग, झाकणं, पोत्यांचा आकडा. मुलाखत छान चालली आहे असं मला वाटलं.

तशा मुलाखती मग रोज होऊ लागल्या. मी काकांना विचारायची, ते म्हणायचे, पॅकिंगला विचार. काकूंना विचारायची, त्या म्हणायच्या, सांग त्यांना. माझ्या वहीची पानं भरत होती आणि बाहेर गाड्याही भरत होत्या. कोल्हापूरला आगळ मागवलं, आगळ गेलं. चिपळूणला सरबत गेलं, झाकणांसकट. व्यवस्थापक खूश झाले.

"मॅडम, तुमचा अभ्यास लागू पडला," ते एखाद्या औषधाबद्दल बोलावं तसं म्हणाले. "गेल्या खेपेचे ते मालाच्या दर्जाच्या सर्टिफिकेटवाले साहेबसुद्धा फार चांगले होते. दोन मोसम अभ्यास केलानी. त्यांच्या आधी ऑडिटवाले होते. त्याच्याही आधी दापोलीहून एक मुलगी आली होती, कॉलेजच्या प्रकल्पाला. ती होती तोवर काय माल जायचा! ती गेली आणि परत पहिल्यासारखं."

त्या दिवशी मी संध्याकाळच्या एसटीत बसून पहिल्यांदा आकृती नीट काढली. स्टोअरचा चौकोन डावीकडे, पॅकिंगचा उजवीकडे. स्टोअरकडून निघालेला प्रत्येक बाण मध्ये एका चौकोनात शिरत होता आणि तिथून निघून पॅकिंगला जात होता. त्या चौकोनात 'मी' असं लिहिण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

सरांनी कागद हातात घेतला. "हे काय? तू पद्धतीत कशी आलीस?"

"सर, मी नसले की माहिती जात नाही."

"मग तू नव्हतीस तेव्हा कशी जात होती?"

"जात नव्हती, सर. म्हणून तर आपल्याला बोलावलं."

सरांनी कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "उद्या जाऊन विचारायचं बंद कर. काय होतं बघ."

मी तसंच केलं. स्टुलावर बसले आणि गप्प राहिले. थोड्या वेळानं काका त्यांच्या टोकाकडून चालत आले आणि माझ्याजवळ उभे राहिले. खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं.

"विचार ना," ते हळूच म्हणाले.

"काय विचारू, काका?"

"झाकणांचं."

"तुम्हीच विचारा की. त्या तिथे आहेत."

काकांनी शेडच्या दुसऱ्या टोकाकडे असं पाहिलं की जणू मधे खाडी आहे आणि तरीची होडी सुटून गेली आहे. मग परत गेले. दुपारपर्यंत काकूसुद्धा दोनदा माझ्यासमोरून मुद्दाम गेल्या. तिसऱ्यांदा थांबून म्हणाल्या, "बरं नाही काय गो तुला?" त्या दिवशी गाडी गेली नाही.

आणि त्याच संध्याकाळी माझी एसटी चुकली. फाटकाशी उभी होते, तेवढ्यात शेडमागून काकांची स्कूटर आली. मागे काकू बसल्या होत्या. एका हातात दोघांचे डबे असलेली पिशवी, दुसरा हात काकांच्या खांद्यावर. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली आणि स्कूटर पालीच्या दिशेनं निघून गेली.

"हे दोघं एका गाडीवरून जातात?" मी वॉचमनला विचारलं.

"मग काय दोन गाड्या घेतील? नवरा-बायको आहेत ती."

इतके दिवस मी त्यांना काका आणि काकू म्हणत होते! त्यांचं आडनाव एकच आहे हे पगारपत्रकावर मी वाचलंही होतं, पण त्या गावातल्या अर्ध्या लोकांचं ते आडनाव आहे. माणसाला काय विचारायचं याची एवढी लांबलचक यादी मी केली होती, आणि त्यात 'तुम्ही कोणाबरोबर घरी जाता?' हा प्रश्न नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी काकूंना सरळच विचारलं. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही.

"आधी बोलायचो की आम्ही," त्या बाटल्यांवर लेबलं लावत म्हणाल्या. "एकदा कोल्हापूरचा व्यापारी आला होता आणि त्याच्यासमोर आमचं भाजीवरून वाजलं. दुधी आणलान, आणि मला दुधी चालत नाही. त्या वेळचे अध्यक्ष फार कडक. केबिनमध्ये बोलावून म्हणाले, यापुढे ड्युटीवर नवरा-बायकोनी एकमेकांशी बोलायचं नाही. नाही म्हणजे नाही. तेव्हापासून नाही."

"पण कामाचंसुद्धा?"

"कामाचं कुठे संपतं आणि दुधी कुठे सुरू होतो, ते कोण ठरवणार? ऑफिसात मी त्यांना स्टोअरच म्हणते."

"मग घरी का नाही सांगत? रात्री सांगायचं, उद्या चार पोती."

काकूंनी लेबल हातात तसंच धरून माझ्याकडे पाहिलं. "घरी ऑफिस काढायचं नाही. हा माझा नियम आहे. ऑफिस काढलं की ह्यांचं जेवण थंड होतं."

"व्हॉट्सअ‍ॅपवर?"

"तो घरचा नंबर आहे."

"संस्थेचा ग्रुप आहे ना?"

"त्यात फक्त साहेब लिहितात," काकू म्हणाल्या, आणि मला फोन दाखवला. सूर्य, फुलं, सुप्रभात. खाली परत सूर्य.

मी धावत व्यवस्थापकांकडे गेले. कॉम्प्युटर नंतर बघू, म्हटलं, आधी तो नियम मागे घ्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"लिहिलेला असता तर पुढच्या सभेत ठराव करून रद्द केला असता," ते म्हणाले. "पण तो तोंडी आहे. त्याला नंबर नाही, तारीख नाही. रद्द काय करणार? ज्यांनी केला त्यांनीच तोंडी मागे घ्यायला हवा."

"ते अध्यक्ष कुठे असतात?"

"ते वारले."

मला वाटतं त्यांनाही वाईट वाटत होतं, पण अध्यक्षांच्या जाण्याचं.

एका रविवारी काकूंनी मला जेवायला बोलावलं. पालीच्या बाजारामागे त्यांचं घर, पुढे झेंडू, मागे अबोली. घरात दोघं इतकं बोलत होती की मला तोंड घालायला जागा मिळेना. कुळथाचं पिठलं कसं झालंय, शेजाऱ्यांनी पंप कधी घेतला, मुंबईतल्या मुलाला या महिन्यात रजा मिळेल का. मी मधेच चाचरत म्हटलं, "काका, आवळ्याच्या बाटल्या..." काकूंनी तत्काळ माझ्या ताटात भात वाढला. काकांनी मान खाली घातली. पुन्हा एकदा प्रयत्न केला, पुन्हा भात आला. तिसऱ्यांदा मी धीरच केला नाही, पोटात जागा नव्हती.

दुपारी दोघं मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आली. थांबा म्हणजे सिमेंटचं बाक, वर पत्रा, भिंतीवर शिकवणीच्या जाहिराती. एसटीचा पत्ता नव्हता. काकू बाकावर बसल्या, मी त्यांच्याशेजारी, काका खांबाला टेकून उभे. आणि मी काही ठरवून नाही, नुसती कंटाळून विचारून बसले.

"काकू, हे ऑफिस आहे का?"

"नाही."

"घर आहे?"

"काय गो विचारतेस? थांबा आहे हा."

"मग इथे तुमचा नियम लागू नाही. आणि अध्यक्षांचाही नाही."

काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांनी रस्त्यावर दोन्ही बाजूंना पाहिलं, कोणी ऐकत तर नाही ना असं. मग घसा साफ केला.

"ती निळी झाकणं कुठे गेली?" ते म्हणाले.

"कुठली निळी?"

"सबंध पोतं होतं. मी पाठवलं तुझ्याकडे. परत आलं नाही, वापरलंही नाही."

"ते मी त्याच आठवड्यात परत केलं! बाटलीला बसत नव्हती ती. तुमच्या दारात ठेवलंन वॉचमननं."

"मला कोणी सांगितलं नाही."

"कोण सांगणार? ऑडिटवाले गेले होते तोवर!"

एवढं झालं आणि मग थांबेचनात. रसाचे डबे उलटे का रचलेस, फणसपोळीचं खोकं कोल्हापूरला कोणी घातलं, ती रिकामी गाडी. रिकाम्या गाडीवर दोघांचा आवाज चढला. कातळावरच्या वाडीतली एक बाई टोपली घेऊन बाकाच्या टोकाला बसली होती. ती थोडा वेळ ऐकून म्हणाली, "चूक दोघांची हाय." त्यावर काकू हसायला लागल्या. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत. काकाही हसले. ती दोघं एकमेकांकडे अशी बघत होती, जणू थांब्यावरच ओळख झाली आहे. मला एकदम तिथून उठून बाजूला जावंसं वाटलं.

एसटी आली. कंडक्टरनं दारातून विचारलं, "रत्नागिरी. चढायचंय का?"

"थांबा हो जरा," काकू म्हणाल्या, "मुलाखत चाललीय."

तो थांबला नाही. मी पुढच्या एसटीनं गेले.

त्यानंतर रोज सकाळी कामावर येताना दोघं थांब्यावर स्कूटर लावू लागली. बाकावर बसून दिवसाचं सगळं ठरवायची: किती बाटल्या, कुठली झाकणं, कोणती गाडी. ठरलं की स्कूटरवर बसायचं, आणि फाटकातून आत शिरलं की पुन्हा स्टोअर आणि पॅकिंग. मला आता कोणी विचार म्हणत नव्हतं. मी स्टुलावर रिकामी बसून चहा पीत असे. गाड्या वेळेवर सुटत होत्या.

अहवालातल्या आकृतीत मी माझा चौकोन पुसला आणि तिथे 'एसटी थांबा' लिहिलं. सर म्हणाले, "हे काढ. हसतील." मी म्हटलं, "सर, बाण तिथेच पोचतात." त्यांनी ते राहू दिलं, कारण वाक्य त्यांचंच होतं.

हसलं कोणी नाही. व्यवस्थापकांनी आकृती बोटानं वाचली, स्टोअरपासून थांब्यापर्यंत, थांब्यापासून पॅकिंगपर्यंत. "अगदी बरोबर," ते म्हणाले. "फक्त थांबा आपल्या हद्दीत येत नाही." आणि ते स्वतः ग्रामपंचायतीत जाऊन आले. तिथे त्यांना सांगण्यात आलं की बोलायला हरकत नाही, पण टपरी टाकायची नाही.

कॉम्प्युटर शेवटी बसलाच, कारण बसवायचं ठरलं होतं. आमच्या कंपनीनं पद्धत चांगली केली होती. स्टोअरला एक पडदा, पॅकिंगला एक. काकांनी काही भरलं की काकूंच्या पडद्यावर सूचना यायची. काकू चष्मा लावून ती वाचायच्या आणि म्हणायच्या, "हे सकाळीच ठरलं." मग हिरवं बटण दाबायच्या. संचालक मंडळ समाधानी होतं. कॉम्प्युटर आल्यापासून माल वेळेवर जातो, असं त्यांनी वार्षिक सभेत सांगितलं, आणि सभेत टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

पुढे मी ती नोकरी सोडून लोट्याला एका कारखान्यात लागले. तिथे कामगारांच्या बसगाड्यांचं वेळापत्रक करायचं होतं. पहिल्या दिवशी मी कोणालाच काही विचारलं नाही. पाळी सुटायच्या वेळी फाटकाशी जाऊन उभी राहिले, कोण कोणाबरोबर जातं ते बघत. तिथल्या सिक्युरिटीला मी संशयास्पद वाटले, आणि त्यानं माझी अर्धा तास मुलाखत घेतली. त्याचे प्रश्न माझ्यापेक्षा चांगले होते.

मागच्या वर्षी काकूंचा फोन आला. रस्ता रुंद करायला घेतला आणि त्यात थांबा गेला.

"मग आता?" मी विचारलं.

"आता भाताच्या गिरणीशी थांबतो. तुझ्या चित्रात तेवढं बदल. आणि गिरणीपाशी ओरडून बोलावं लागतं, तर बाण जरा जाड काढ."

मी काढला. जुन्या कंपनीशी माझा संबंध राहिला नव्हता, संस्थेनं काही मागितलं नव्हतं, त्यामुळे तो कागद पाठवायचा कोणाला हे कळेना. फोटो काढून काकूंनाच पाठवला, घरच्या नंबरवर. संध्याकाळी उत्तर आलं, काकांनी लिहिलेलं: गिरण रस्त्याच्या डाव्या हाताला आहे, तू उजवीकडे काढलीस.